दुसरी स्लाइड

डॉ. मुबशिरा नदाफनं तो ईमेल पहिल्यांदा वाचला तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. गुरुवारची ओपीडी चालू होती, दोन पेशंटच्या मधे तिनं तो नुसता वरवर चाळला. रविवारच्या वैद्यकीय परिषदेचं वेळापत्रक, गाडी कुठं लावायची, जेवणाची कूपनं कुठं मिळतील, आणि शेवटी एक सूचना. यंदापासून प्रत्येक वक्त्यानं आपल्या भाषणाची दुसरी स्लाइड हितसंबंधांच्या खुलाशाची ठेवावी. गेल्या तीन वर्षांत कुठल्या औषध कंपनीकडून मानधन, प्रवासखर्च किंवा आणखी काही घेतलं असेल, तर तिचं नाव त्यात असावं.

तासाभरानं एका म्हाताऱ्या बाईच्या टाचेची जखम धुता धुता तिला ती सूचना परत आठवली. हातातला चिमटा तसाच राहिला. बाईनं मान वळवून विचारलं, लई वाईट हाय काय? मुबशिरानं तिला नाही म्हणून सांगितलं आणि उरलेली जखम मुकाट्यानं धुतली.

मुबशिरा छत्तीस वर्षांची. जयसिंगपुरात तिचे वडील फक्रुद्दीन यांचं गाद्या-उशांचं दुकान. कापसाच्या भुग्यात वाढलेली ही मुलगी सर्जन झाली तेव्हा अर्ध्या बाजारपेठेत पेढे वाटले गेले होते. आठ वर्षांपूर्वी ती कोल्हापुरात डॉ. सयाजी इंगवले यांच्या हॉस्पिटलात आली. ओळख ना पाळख, पण सरांनी पहिल्याच भेटीत तिला ठेवून घेतलं. मधुमेहानं सडत चाललेले पाय कसे वाचवायचे हे त्यांनी तिला शेजारी उभं करून शिकवलं. आता कागलपासून शिरोळपर्यंतचे पेशंट येऊन काउंटरवर विचारायचे, नदाफ मॅडम हाईत काय?

दोन वर्षांपूर्वी एक कंपनी अशा जखमांवर लावायचं एक जेल घेऊन आली. निळ्या ट्यूबमधलं, महागडं. त्याचा अभ्यास करायचं सरांनी अंगावर घेतलं आणि काम मुबशिरानं केलं. कंपनीनं तिला सल्लागार नेमलं. वर्षाला ठरावीक रक्कम, निरनिराळ्या गावांत भाषणं, आणि एकदा व्हिएन्नातला दोन आठवड्यांचा कोर्स, विमानाच्या तिकिटासकट. यात चोरटं काही नव्हतं. सगळं बँकेतून आलं होतं, त्यावर तिनं कर भरला होता. सर तर तिच्या कितीतरी पट घेत होते. तेव्हा पैसे घेतले हे सांगायची तिला तशी भीती नव्हती.

तिला भीती होती ती त्याच्या पुढच्या स्लाइडची. तिसऱ्या स्लाइडवर लिहिलं होतं, एकूण पेशंट बेचाळीस. खरे पेशंट चव्वेचाळीस होते.

वगळलेल्या दोघांपैकी एक बाई हृदयविकारानं घरीच वारली होती. दुसरा होता बिद्रीचा आकाराम चौगले. साठीतला, दोन म्हशी राखून असलेला माणूस. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम घेऊन आला होता. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याशेजारचं बोट काळं पडायला लागलं. एरवी मुबशिरानं ते त्याच दिवशी काढून टाकलं असतं. पण अभ्यास सहा आठवड्यांचा होता, कंपनीचे फोटोसाठी फोन येत होते, आणि जखमेची एक कड लालसर, चांगली दिसत होती. अजून एक आठवडा बघूया, असं ती म्हणाली. एकाचे दोन आठवडे झाले. मग आकाराम यायचा बंद झाला. पुढं कळलं की दुसऱ्या एका हॉस्पिटलात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अभ्यासाचा शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले होते, ज्यांनी उपचार अर्ध्यात सोडले ते मोजायचे कशाला? यादीत त्या दोन नावांपुढं ‘पाठपुरावा नाही’ असा शेरा पडला आणि खाली मुबशिरानं सही केली.

बोट तसंही गेलं असतं, पायही कदाचित गेला असता, हे तिनं स्वतःला किती वेळा तरी सांगितलं होतं. वीस वर्षांचा मधुमेह, त्यात बिडी. एक प्रश्न मात्र तिनं इतके दिवस जवळ फिरकू दिला नव्हता. कंपनीचा एक रुपयाही घेतला नसता, तर ते दोन आठवडे मी थांबले असते का? खुलाशाच्या स्लाइडनं तोच प्रश्न तिच्यासमोर आणून बसवला.

त्या संध्याकाळी तिनं स्लाइड केली. कंपनीचं नाव, सल्लागार म्हणून मिळालेलं मानधन, भाषणं, परदेशातला कोर्स. सरांचं नाव निबंधावर होतं, म्हणून त्यांच्याही खुलाशासाठी एक रिकामी ओळ ठेवली आणि फाइल त्यांना पाठवून दिली.

शुक्रवारी दुपारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडलेले नव्हते, उलट त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. पुढच्या महिन्यात ते डॉक्टरांच्या राज्य संघटनेचे अध्यक्ष होणार होते, आणि परिषदेचा हॉल, जेवण, पिशव्या, सगळं त्याच कंपनीच्या जिवावर उभं होतं. हे त्यांनी एकेक करून, मुलाला गणित समजावावं तसं सांगितलं. मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिची स्लाइड उघडून त्यातला मजकूर पुसला आणि तिथं एकच ओळ टाइप केली: जाहीर करण्यासारखे काही नाही.

“सगळे हेच लिहिणार आहेत,” ते म्हणाले. “तू एकटी यादी लावून उभी राहिलीस, तर लोक तुझ्याकडं बघणार नाहीत, माझ्याकडं बघतील. आणि मग त्या बेचाळीसकडं बघतील. हे तुला झेपणार आहे का?”

सरांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला. तिनं तो प्यायला, बरं म्हणाली आणि बाहेर आली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण कठडा घट्ट धरून उतरतोय.

खाली गाडीपाशी यशराज उभा होता. कंपनीचा या भागाचा मॅनेजर. तिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला, कधी आवाज न चढवणारा. त्यानं आधी तिच्या मुलीची, तहरीमची, चौकशी केली. मग सरांकडून स्लाइडचं कळलं, असं अगदी सहज म्हणाला. सल्लागाराच्या करारात एक कलम आहे, व्यवहाराचा तपशील कंपनीला विचारल्याशिवाय बाहेर सांगायचा नाही, त्याची मॅडमना आठवण असेलच. मुबशिराला ती नव्हती. करार तिनं वाचलाही नव्हता.

“आणि मॅडम, त्या वगळलेल्यांच्या यादीवर सही तुमची एकटीचीच आहे,” यशराज म्हणाला. “ते बिद्रीचे चौगले, कसे आहेत आता?”

कंपनीला कुठल्याही पेशंटचं नाव कधीच दिलेलं नव्हतं. कागदावर जायचे ते नुसते आकडे. नावांची वही सरांच्या कपाटात असायची आणि किल्ली सरांच्या खिशात. यशराजनं मात्र ते नाव शेजाऱ्यापाजाऱ्याचं घ्यावं तसं घेतलं होतं. मग त्यानं गाडीचं दार तिच्यासाठी उघडलं, ती बसल्यावर हळूच लावलं आणि काचेआडून हात जोडले.

तिचा नवरा खिजर उचगावला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. तो घरी आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं, आकारामच्या पायासकट. इतक्या दिवसांत ते तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं. तहरीम बाहेरच्या खोलीत गृहपाठ करत होती, म्हणून दोघं हळू आवाजात बोलत होते. खिजरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सरांनी सांगितलंय तसं कर, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिनं का म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सरांचं काही वाकडं होणार नाही. पेपरात छापायची वेळ आली की नाव तुझं छापतील. आणि आपलं नाव वाचलं की उरलेली बातमी लोक स्वतःच्या मनानं रचतील. हे तुला मी सांगायला पाहिजे का?”

सांगायची गरज नव्हती. जयसिंगपुरात वाढताना आणि कोल्हापुरात घर भाड्यानं शोधताना ते तिला पुरतं कळलेलं होतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, निव्वळ काळजी होती, आणि म्हणूनच तिला ते खोडता आलं नाही. ती रात्र तिनं छताकडं बघत काढली.

शनिवारी सकाळी एक साधं ऑपरेशन होतं. ते उरकून तिनं गाडी काढली आणि बिद्रीचा रस्ता धरला. आपण का निघालोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. कंपनीचं कुणी तिथवर पोचलंय का, हे तिला बघायचं होतं. दुसरंही काहीतरी होतं, पण त्याचा विचार केला असता तर ती वाटेतूनच परत फिरली असती. गळिताचा हंगाम होता. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती, आणि प्रत्येक ट्रॉली पुढं असेपर्यंत तिला बरं वाटत होतं, कारण तेवढा उशीर होत होता.

चौगल्यांचं घर गावाच्या कडेला. आकाराम पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता. कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवला होता. तो घासतो म्हणून दुपारपर्यंत काढूनच ठेवतो, असं त्यानं पुढं सांगितलं. मुबशिराला बघून तो दचकला, मग त्याचा चेहरा फुलला.

“या की मॅडम. अगं ए, कोण आलंय बघ.”

त्याची बायको चिमणाबाई गोठ्यातून पदराला हात पुसत आली. म्हशींचं सगळं आता तिच्याच अंगावर पडलं होतं. तिनं सतरंजी अंथरली, चहा ठेवला. दोघांच्याही मनात तिच्याबद्दल तक्रार नव्हती. वाटभर मुबशिरानं शिव्या ऐकायची तयारी केली होती. या आदराची तिनं तयारी केली नव्हती, आणि तो तिला शिव्यांहून जड गेला.

बोलता बोलता चिमणाबाईनं कोपऱ्यातला नवा वॉकर दाखवला. आदल्याच दिवशी एक साहेब येऊन देऊन गेले होते. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. सोबत साखरेच्या पेशंटची ताकदीची पावडरही आणली होती. जाताना एका कागदावर आकारामची सही घेतली. कागदावर काय होतं, असं मुबशिरानं विचारलं. आकाराम म्हणाला, त्यांनीच वाचून दाखवलं, मी माझ्या मर्जीनं इलाज सोडला आणि माझी कुणावर तक्रार न्हाई.

“तुमीच धाडला हुता न्हवं त्यांला?” त्यानं विचारलं. “आमाला वाटलं, मॅडमनी आठवण ठेवली.”

यशराजच्या हातात नाव आणि पत्ता ठेवणारी किल्ली कुणाच्या खिशात होती, हे आता तिला पक्कं कळलं होतं. इथून उठून जाणं सोपं होतं. हो म्हणणं तर त्याहून सोपं होतं. चहाचा कप तिनं खाली ठेवला.

“मी नाही पाठवलं, काका,” ती म्हणाली. “तो त्या जेलच्या कंपनीचा माणूस. त्या कंपनीकडून मी पैसे घेत होते. तुमच्यावर उपचार चालले होते तेव्हाही घेत होते.”

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. “म्हंजी औषध खोटं हुतं?”

“औषध खोटं नव्हतं. पण तुमचं बोट काळं पडलं, तेव्हा मी ते लगेच काढायला पाहिजे होतं. मी थांबले. तुमच्या पायासाठी थांबले की त्यांच्या अभ्यासासाठी, हे आज मला छातीठोक सांगता येत नाही.”

गोठ्यात म्हैस रेकली, पण चिमणाबाई जागची हलली नाही. आकारामनं उरलेल्या पायाचं पाऊल जमिनीवर जरा मागं ओढलं.

“तवाच सांगायचं हुतं की,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “आमी काय तुमाला हाकलून दिलं नसतं. पर आणि एका डॉक्टरला पाय दावला असता न्हवं.”

चिमणाबाई उठली, तिनं कप गोळा केले. मुबशिराचा कप अर्धा भरलेला होता, तोही तिनं उचलला. मुबशिरा निघाली तेव्हा परत या असं कुणी म्हणालं नाही, दारापर्यंतही कुणी आलं नाही.

खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तसलं काही झालं नाही. गाडीत बसून तिनं परतीचा रस्ता धरला. आता आकारामला ठाऊक होतं. त्याचा पुतण्या गारगोटीत वकिलाकडं कामाला होता, हे त्यानं तासाभरापूर्वीच कौतुकानं सांगितलं होतं. कालपर्यंत तिला सरांची आणि कंपनीची भीती होती, आज त्यात बिद्रीची भर पडली. तरीही घरी पोचल्यावर तिनं पेनड्राइव्हवर आपली मूळ स्लाइड परत चढवली आणि तिसऱ्या स्लाइडला हात लावायचं धाडस होईना म्हणून तशीच ठेवली.

परिषद हायवेजवळच्या एका हॉटेलात होती. तीनशे डॉक्टर, थंड केलेला हॉल, दाराशी कंपनीचा भलामोठा स्टॉल. सकाळी लवकर जाऊन मुबशिरानं आपली फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर चढवली आणि दुसरी स्लाइड उघडून खात्री करून घेतली. मग ती पाचव्या रांगेत कडेला बसली. व्यासपीठावर त्या सत्राच्या अध्यक्षांच्या खुर्चीत डॉ. इंगवले होते.

तिच्याआधी सहा जण बोलले. प्रत्येकाची दुसरी स्लाइड यायची, ‘जाहीर करण्यासारखे काही नाही’ हे शब्द वाचून होतात न होतात तोवर निघून जायची. कुणी त्याकडं बघतही नव्हतं. सहापैकी चौघं व्हिएन्नाला तिच्याच विमानात होते.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती पायऱ्या चढत असताना सरांनी तिच्याकडं बघून मान हलवली, धीर द्यावा तशी. पहिली स्लाइड आली, निबंधाचं नाव. तिनं बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ उमटली: जाहीर करण्यासारखे काही नाही.

कुणीतरी फाइल बदलली होती. तिनं व्यासपीठाच्या बाजूला बघितलं. कॉम्प्युटरवाला खाली मान घालून मोबाइल बघत होता आणि त्याच्या मागं, भिंतीला टेकून, यशराज उभा होता. तो हसला नाही, त्यानं खूणही केली नाही. तिची वाट बघत असल्यासारखा नुसता उभा राहिला.

तेव्हा मुबशिरा घाबरली, आणि जे झालं ते घाबरूनच झालं. अंगठा आपोआप बटणावर गेला आणि पुढची स्लाइड आली. एका क्षणात सगळं संपलं होतं. तिनं काही बोलायची गरजच उरली नव्हती, खोटं तिच्यासाठी दुसऱ्यानंच लिहून ठेवलं होतं. पडद्यावर आता ठळक अक्षरांत आलं होतं, एकूण पेशंट बेचाळीस.

तिनं ते वाचायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. समोरचे लोक वर बघायला लागले. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. ती बाटली हातात धरून ती उभी राहिली, आणि बेचाळीस हा आकडा काही केल्या तिच्या तोंडातून निघेना.

“मागची स्लाइड चुकीची आहे,” ती शेवटी म्हणाली. “ती मी केलेली नाही. या जेलच्या कंपनीकडून मी दोन वर्षं पैसे घेतलेत. सल्लागार म्हणून, भाषणांसाठी आणि परदेशातल्या कोर्ससाठी. आणि ही स्लाइडसुद्धा चुकीची आहे. ही मात्र मी केलेली आहे. पेशंट चव्वेचाळीस होते.”

हॉलमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. सरांनी पुढ्यातली घंटी वाजवली. तिला बोलायला लागून दोन मिनिटंही झाली नव्हती.

“डॉक्टर, विषयाकडं या,” ते म्हणाले.

“हाच विषय आहे, सर.”

तिनं पुढं बघून, घाईघाईनं, वाक्यं अर्धी गिळत सगळं सांगितलं. दोघांना का वगळलं, सही कुणाची आहे, एकाचा पाय कुठून कापला गेला आणि त्याआधी, तिसऱ्या आठवड्यात बोट काळं पडल्यावर, ती किती दिवस थांबली होती. आकारामचं नाव तिनं घेतलं नाही, गावाचंही नाही. सरांचं नाव तिनं घेतलं नाही आणि त्यांना वाचवायलाही काही बोलली नाही. घंटी आणखी दोनदा वाजली. ती थांबली तेव्हा बाटली चेपून गेली होती आणि पाणी तिच्या बाहीवर सांडलं होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. सरांनी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं, पण तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या राहिल्या. डॉ. अनुजा, सरकारी दवाखान्यात उभी हयात काढलेल्या, परिषदेच्या समितीत यंदा खुलाशाचा नियम आणणाऱ्या. प्रश्नांना वेळ नाही, असं सर म्हणाले. अनुजाबाईंनी ते ऐकलंच नाही.

“तिसऱ्या आठवड्यातले फोटो आहेत का तुमच्याकडं?” त्यांनी विचारलं.

“आहेत.”

“समितीला द्याल?”

मुबशिराला ठाऊक होतं की ते फोटो दिले की मागं फिरायला वाट नाही. त्या फोटोंत काळं बोट होतं, खाली तारीख होती, आणि त्यानंतरच्या तारखांचेही फोटो होते.

“देईन,” ती म्हणाली.

जेवणाच्या वेळी ती ताट घेऊन एका टेबलाशी बसली. तिथले दोघं आपली ताटं उचलून उठले, कुणाला तरी भेटायचंय असं पुटपुटत. बाहेरच्या पॅसेजमध्ये सर तिला गाठायला आले. आठ वर्षं पोरीसारखं वागवलं, एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मुबशिरानं त्यांना एकच विचारलं, बिद्रीचा पत्ता कंपनीला कुणी दिला? सरांच्या हातातला रुमाल ओला झाला होता, आणि डोळे तिच्या खांद्यावरून मागं, कोण ऐकतंय का ते बघत होते. आठ वर्षांत सरांना घाबरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते बघून तिला समाधान वाटलं नाही. एवढा मोठा माणूस घाबरतो म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय, याच विचारानं ती गाडीपर्यंत जवळजवळ पळत गेली.

पुढं व्हायचं ते झालं. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. एका पेपरात चार ओळी छापून आल्या आणि त्यात नाव तिचं एकटीचंच होतं, खिजर म्हणाला होता तसं. त्यानं त्यावर शब्द काढला नाही, फक्त पेपर घडी करून कपाटावर ठेवला, तहरीमच्या हाताला लागू नये म्हणून. अनुजाबाईंच्या समितीनं निबंध रद्द केला आणि हॉस्पिटलकडं पेशंटची मूळ वही मागितली. सर अध्यक्ष झाले नाहीत, निवडणूक पुढं ढकलली गेली. जेल मात्र दुकानांत मिळत राहिलं. महिन्याभरात आकारामच्या पुतण्यानं मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली, हॉस्पिटलविरुद्ध आणि तिच्याविरुद्धही. तिनं त्या तक्रारीला उत्तर लिहिलं आणि त्यात काहीही नाकारलं नाही. सुनावणीची तारीख अजून लागायची होती. तिची नोंदणी जाईल की राहील, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

जयसिंगपुरात वडिलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिनं दवाखाना मांडला. पेशंट थोडे यायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो उचलायला ती अजून कचरायची.

मार्चमधल्या एका दुपारी असाच एक फोन आला. माणूस इचलकरंजीचा डॉक्टर असल्याचं म्हणाला. नाव सांगितलं नाही. परिषदेत मागच्या रांगेत होतो, म्हणाला. तेच जेल त्यानंही वापरलं होतं, त्याच कंपनीच्या दुसऱ्या अभ्यासात, आणि त्यानंही काही पेशंट यादीतून काढले होते. त्याची बायको, त्याचा दवाखाना, सगळं त्याच गावात आहे, हे तो दोनदा बोलला. हे समितीला सांगायचं तर कसं सांगायचं, असं त्याला विचारायचं होतं. निनावी चालेल का?

मुबशिरानं त्याला खरं तेच सांगितलं. निनावी पत्र समिती ठेवून घेईल, पण त्यावर काही करणार नाही. नाव दिलं तर त्रास होईल. किती होईल ते तिला माहीत नव्हतं, तिचा अजून चाललाच होता.

पलीकडं त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, भराभर, जिना चढून आल्यासारखा. खाली दुकानात अब्बा कुणाला तरी गादीचं माप विचारत होते. मुबशिरानं वही पुढं ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

मग त्या माणसानं आपलं नाव सांगितलं, आधी आडनाव, मग पूर्ण. तिनं ते लिहून घेतलं आणि किती पेशंट वगळले होते, ते विचारलं.

“पाच,” तो म्हणाला.